चाळिसाव्या दिवशी वाढलेलं पान

गावाचं नाव लिहिणार नाही. त्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं, त्यांनाही लहान मुलं आहेत, आणि उगाच कुणाच्या डोक्यात किडा सोडायचा नाही मला. बाकी एकही गोष्ट मी बदललेली नाही. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल पुढचं पान उघडावं.

मी सुमेधा. मूळची साताऱ्याची, केमिस्ट्रीत एम.एस्सी. नजर, करणी, बाहेरची बाधा असलं कुणी माझ्यासमोर काढलं, तर त्याची मी भर पंगतीत बिनपाण्यानं हजामत करायचे.

करायचे. आता नाही करत.

तारीख ३० सप्टेंबर २०१६. शुक्रवार. सर्वपित्री अमावास्या.

वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे बारा वाजून गेले होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं. अंधाराला भिणाऱ्यांचं मला समजतं, पण माझी छाती धडधडते ती दुपारी.

माझा नवरा हृषिकेश मेकॅनिकल इंजिनिअर. त्याचं ऑफिस जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनला. शहरात घर काही मिळेना, म्हणून २०१४ मध्ये आम्ही पाऊण तासावरच्या एका खेड्यात वरचा मजला घेतला. सफरचंदाच्या बागा, एक चर्च, एक बेकरी आणि तासाला एक बस. आमची देवश्री तेव्हा अडीच वर्षांची होती.

खालच्या मजल्यावर फ्राऊ होरबान, म्हणजे होरबानबाई, राहायच्या. स्तेफानिया होरबान. मूळच्या युक्रेनच्या, वय पंचाहत्तरच्या पुढे. मुलगा ट्रक चालवायचा आणि पुढे अपघातात गेला. त्याच्या मुलीला, लेस्याला, यांनीच वाढवलं. सगळं गाव त्यांना 'बाबुस्या' म्हणायचं, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी.

आधी मी त्यांना 'त्या' म्हणायचे. आता 'ती' म्हणते. का, ते पुढे कळेलच.

त्या भागात 'केरवोखे' नावाची पद्धत आहे. नावातच केर! ज्याचा आठवडा असेल त्यानं जिना, दार, समोरचा रस्ता झाडायचा, आणि त्याच्या दारावर एक लाकडी पाटी लटकते. घरात आम्ही दोनच कुटुंबं, म्हणून एक आड एक आठवडा. माझं झाडून झालं की बाबुस्या खालून यायची, जिन्यावरून बोट फिरवायची, बोटाकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची.

ते बघणं मला वर्मी लागायचं. आणि बोलायची ती पोरीवरून.

"पोरीच्या पायात मोजे नाहीत."

"पोरगी गार फरशीवर बसलीय."

"पोरीला थंड दही दिलंस?"

तिचं जर्मन मोडकं, माझं त्याहून मोडकं. पण भांडण त्यावाचून कधी अडलं नाही.

आणि तरी मी तिच्यावर अवलंबून होते. आठवड्यातून तीन दिवस माझा जर्मनचा क्लास असायचा. तेव्हा देवश्रीला किंडरगार्टनमधून तीच आणायची. 'सोनेच्को' म्हणायची तिला, म्हणजे छोटा सूर्य. बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या खाऊ घालायची. माझ्या वरणभाताला नाक मुरडणारी पोरगी तिथे ताटली चाटूनपुसून साफ करायची. मला राग यायचा. पण अडला हरी... म्हणून गप्प बसायचे.

तिची एक गोष्ट सांगायलाच हवी. बोलावल्याशिवाय ती कधीच आत यायची नाही. दारात उभी राहायची. मी "या" म्हटलं की मगच पाय आत. दोन वर्षांत शंभरदा आली असेल, शंभरदा मी "या" म्हटलं असेल.

२२ ऑगस्टला ती बागेत सफरचंदं वेचता वेचता गेली. हार्ट.

तिचं एक भांडं माझ्याकडे राहिलं होतं. पांढरं, निळ्या काठाचं, इनॅमलचं. त्यात तिनं देवश्रीसाठी शेवटच्या करंज्या पाठवल्या होत्या. आपल्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काय घालून द्यावं याचा विचार करत होते, तेवढ्यात ती गेलीच.

मग सर्वपित्री आली.

आमच्याकडे त्या दिवशी सासऱ्यांचं पान असतं. दीनानाथ त्यांचं नाव, आम्ही अप्पा म्हणायचो. दर वर्षी सासूबाई, म्हणजे माई, साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर सांगतात आणि मी करते. उडदाचे वडे, तांदळाची खीर, भोपळ्याची भाजी, आमसुलाची चटणी. अळू त्या खेड्यात कुठून मिळणार, मी पालकाच्या वड्या केल्या होत्या.

ओट्यावरचं ते भांडं बघून मला एकदम गलबलून आलं. राग वेगळा, पण बाईनं माझ्या पोरीसाठी केलं होतंच की.

"अहो माई, खालच्या आजींच्या नावानं एक पान वाढलं तर चालेल का?"

"तिचं कुणी नाही का गं?"

"एक नात आहे. डार्मश्टाटला शिकते. पण ती काय करणार आपल्यासारखं?"

माई काहीतरी बोलणार होत्या. तेवढ्यात नेटवर्क गेलं. स्क्रीनवर त्यांचा चेहरा तसाच अडकला, तोंड अर्धवट उघडं.

मी तो होकार धरला. मला घाई होती, एक वाजता देवश्रीला आणायचं होतं.

किचनच्या बाल्कनीत दोन पानं ठेवली. अप्पांचं स्टीलच्या ताटात. तिचं, तिच्याच भांड्यात. हात जोडले.

"अप्पा, जेवायला या."

मग म्हणाले, "बाबुस्या, तुम्हीही या. तुम्ही देवश्रीच्या आजीच आहात. हे घर तुमचंच आहे."

इतकं कशाला बोलले मी? नुसतं "या" म्हटलं असतं तर भागलं नसतं?

एक कावळा आला. तिथले कावळे आपल्यापेक्षा मोठे, काळेकुळकुळीत. त्यानं अप्पांच्या ताटातला वडा उचलला, खाल्ला. मग उडी मारून भांड्याजवळ गेला. चोच खाली केली...

आणि तसाच थांबला.

पंख फुलवून दोन पावलं मागे सरकला आणि उडून गेला. परत आलाच नाही. इथल्या कावळ्यांना परदेशी पितर चालत नाहीत वाटतं, असं म्हणून मी एकटीच हसले.

दाराला कुलूप लावलं. देवश्रीला घेऊन अर्ध्या तासात परत आले.

बाल्कनीत अप्पांचं ताट होतं.

भांडं नव्हतं...

ते आत होतं. सिंकशेजारच्या जाळीवर, पालथं, स्वच्छ धुतलेलं. त्याच्या काठावरून पाण्याचे थेंब ओट्यावर पडत होते.

आणि घरभर शेपूचा वास.

शेपू मला लहानपणापासून आवडत नाही. माझ्या घरात ती कधीच येत नाही. बाबुस्या मात्र सगळ्यात शेपू घालायची. बटाट्यात शेपू, सूपमध्ये शेपू, काकडीवर शेपू.

मीच धुतलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवतो.

त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता चर्चच्या हॉलमध्ये तिची आठवण-सभा होती. लेस्यानं ठेवली होती. ऑफिसातून लवकर आलेल्या हृषिकेशजवळ देवश्रीला ठेवून मी गेले.

आपल्या गव्हाच्या खिरीसारखा एक गोड पदार्थ सगळ्यांना वाढला होता, वर खसखस. पाद्री बोलले. बेकरीवाली बोलली. किंडरगार्टनच्या बाई, फ्राऊ आयझेले, बोलल्या आणि रडल्या. सगळ्यांचं सार एकच. किती माया! दोन वर्षांची नात घेऊन ही बाई परक्या देशात आली. वीस वर्षं त्या पोरीला एक दिवस नजरेआड केलं नाही. तिच्या हातचंच खाल्लं पोरीनं. तिच्या कुशीतच झोपली.

ऐकता ऐकता मला काहीतरी खटकलं. तिघं बोलले. मुलाचं नाव निघालं, नातीचं निघालं, बागेतल्या झाडांचंसुद्धा निघालं.

लेस्याच्या आईचं नाव कुणीच घेतलं नाही.

मग मीही उभी राहिले. माझ्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, "त्या माझ्या मुलीच्या आजीच होत्या. आमच्याकडे आज मेलेल्या माणसांना जेवायला बोलावतात. मी त्यांना बोलावलं. आमचं घर त्यांचंच आहे."

लोकांनी डोळे पुसले. त्या गावात दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी माझा हात हातात घेतला.

लेस्यानं चमचा खाली ठेवला.

ती तेवीस वर्षांची, उंच, अबोल मुलगी. मला कोपऱ्यात घेऊन गेली.

"आज चाळिसावा दिवस आहे," ती म्हणाली. "आमच्यात मानतात, मेलेलं माणूस चाळीस दिवस घराभोवती असतं. चाळिसाव्या दिवशी जातं. ती आज जाणार होती. आणि आज तुम्ही तिला आत बोलावलंत?"

"जेवायला बोलावलं."

"कोण म्हणून?"

"म्हणजे? आजी म्हणून."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"तुमची मुलगी कुठे आहे?"

"घरी. बाबाजवळ."

"घरी जा."

मला वाटलं, जळते ही. आपली आजी दुसऱ्याची झालेली बघवत नाही हिला. मी मुद्दाम आणखी अर्धा तास थांबले, खीर संपवली आणि मग निघाले. त्या अर्ध्या तासासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

घरी आले तेव्हा देवश्री सोफ्यावर टीव्ही बघत होती. तिचे केस...

केस विंचरून, घट्ट वेणी घालून, ती वेणी मुकुटासारखी डोक्याभोवती फिरवून पिना लावल्या होत्या.

छान दिसत होती. हृषिकेश एवढ्यात असलं शिकला कधी, असं मनात आलं. पण तो फोनवर होता, आणि मग विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. ती गेल्यापासून जिना झाडायला मी एकटीच. पाटी कायम आमच्याच दारावर. हृषिकेश देवश्रीला घेऊन बाजारात गेला होता. मी कांदा चिरत होते.

खालून आवाज आला...

सर्रर्र. सर्रर्र. सर्रर्र.

झाडूचा. एकेक पायरी वर चढणारा.

घरमालक आला असेल म्हणून मी दार उघडलं. आवाज थांबला. जिन्यात कुणी नाही. पायऱ्या मात्र ओल्या, नुकत्या पुसलेल्या.

आमच्या दारावर पाटी नव्हती.

खाली वाकून बघितलं. बाबुस्याच्या रिकाम्या घराला कुलूप होतं, आणि त्या दाराच्या मुठीला पाटी लटकत होती. मंद हलत होती.

दुपारी देवश्रीसमोर ताट ठेवलं. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"इष हाब शोन गेगेसन." म्हणजे, माझं जेवण झालंय.

ती मराठी सगळं समजायची, पण उत्तर जर्मनमध्येच द्यायची. त्याचं मला नवल नव्हतं. पण ती हे माझ्याशी बोलत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे कुणाकडेतरी बघून बोलत होती.

मी वळले. मागे ओटा, जाळी आणि ते भांडं.

भांडं ओलं होतं.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत.

पोरगी माझ्या हातचा घास घेईना. मी आंघोळ घालायला गेले की अंग चोरायची. झोपवायला गेले की भिंतीकडे तोंड करायची. बाबाजवळ मात्र हसायची, त्याच्याशी खेळायची. फक्त माझ्याशी नाही. आणि रोज सकाळी ती उठायची तेव्हा केस विंचरलेले असायचे. तीच वेणी, तोच मुकुट. मी रागानं सोडायचे. मी तोंड धुऊन येईपर्यंत पुन्हा घातलेली.

मी भांडं कचऱ्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी जाळीवर होतं.

आठवडा झाला, दोन झाले. पोर घरी अन्नाचा कण खात नव्हती. किंडरगार्टनमध्येही डबा तसाच परत. मी घाबरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी वजन केलं आणि खूश झाले.

पोरीचं वजन आठशे ग्रॅमनं वाढलं होतं.

"काळजी कसली करता? छान खातेय की," ते म्हणाले.

त्याच आठवड्यात फ्राऊ आयझेलेंनी मला बोलावून घेतलं. दार लावून घेतलं. सभेत माझा हात धरून रडणारी हीच बाई. आता टेबलापलीकडे ताठ बसली होती.

"हे बघा, देवश्री सांगते की घरात एक अनोळखी बाई राहते. ती बाई तिला जबरदस्तीनं भरवायला बघते. तिचे केस ओढते."

मला एकदम धीर आला. म्हटलं, चला, पोरीलाही ती दिसते तर!

"हो, हो! काय सांगितलं तिनं? कशी दिसते ती बाई?"

फ्राऊ आयझेलेंनी कागदाकडे बघितलं.

"काळे केस. लाल टिकली. गळ्यात काळे मणी."

मी गळ्यातल्या मंगळसूत्रावर हात ठेवला.

"असं काही ऐकलं की आम्हाला नोंद करावी लागते," त्या म्हणाल्या. "पुन्हा झालं तर युगेंडआम्टला कळवावं लागेल. फ्राऊ होरबान होत्या तेव्हा असं नव्हतं. ती बाईच वेगळी होती."

युगेंडआम्ट म्हणजे मुलांकडे लक्ष ठेवणारं सरकारी ऑफिस. जर्मनीत राहणाऱ्या आपल्या माणसांना विचारा, नुसत्या नावानं तोंडचं पाणी पळतं. मी घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आता दुखणं नुसतं घरातलं राहिलं नव्हतं. माझी मुलगी माझ्या हातातून जाणार होती, कागदोपत्री.

बाहेर आले. हृषिकेश नुकताच ऑफिसातून आला होता. देवश्री त्याच्या मांडीवर होती. तिनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि अगदी सहज, चॉकलेट मागावं तसं विचारलं...

"बाबा, वान गेट दी फ्राऊ?"

ही बाई कधी जाणार?

हृषिकेशचा चेहरा पडला. इतके दिवस तो मला "तू थकलीयेस, झोप काढ" म्हणत होता. त्यानं हळूच विचारलं, "सुमेधा, ही वेणी तू घालतेस ना रोज?"

"मला येते का असली वेणी? मला वाटलं, पहिल्या दिवशी तू घातलीस."

त्यानं पोरीच्या वेणीकडे बघितलं. पोरीला मांडीवरून उतरवायचं धाडसही त्याला होईना.

मी तिथेच माईंना फोन लावला. सगळं सांगितलं, पानापासून.

"अगं, मी त्या दिवशी नकोच म्हणत होते," माई म्हणाल्या. "ज्याचं कुणी नाही त्याला घास ठेवायचा. तिला तिचं माणूस होतं. शिवाय तू पाहुणी म्हणून नाही बोलावलंस. आजी म्हणून बोलावलंस, घर तुझंच म्हणालीस. पाहुणा जेवून जातो. घरची म्हातारी कुठे जाईल?"

"मग मी काय करू? तिला चालती हो म्हणू?"

"तू कोण म्हणणार? तिच्या दृष्टीनं तू परक्या घरून आलेली सून. तिच्या रक्ताचं माणूस बोलाव. त्यानं नेलं तर जाईल."

शनिवारी, २२ ऑक्टोबरला, लेस्या डार्मश्टाटहून आली. दुपारचे बारा वाजले होते. दारात आली आणि तिथेच थबकली. तिनं खोल श्वास घेतला.

"शेपू," ती म्हणाली.

किचनमध्ये बसलो. हृषिकेश देवश्रीला घेऊन दाराशी उभा राहिला. मी आयुष्यात कुणाचे पाय धरले नव्हते, त्या दिवशी तेही केलं असतं.

"तुझ्या आईचं काय झालं?" मी सरळ विचारलं.

लेस्यानं टेबलाकडे बघतच सांगायला सुरुवात केली.

"लारिसा तिचं नाव. आम्ही सगळे एकत्रच आलो जर्मनीत. गाव विसरलं ते. आई कारखान्यात शिफ्टला जायची. बाबुस्या मला भरवायची. हळूहळू मी आईच्या हातचं खायचं सोडलं. मग तिच्याजवळ झोपायचं सोडलं. बाबुस्या म्हणायची, ही बाई थकून येते, हिचे हात गार असतात. मी चार वर्षांची असताना आईनं मला उचललं की मी किंचाळायचे. गाव म्हणायचं, काय ही आई, पोर भिते हिला. दोन वर्षं भांडली ती. एक दिवस बॅग घेऊन निघून गेली. मी खिडकीत उभी होते. मला रडू आलं नाही. उलट बरं वाटलं."

मग ती म्हणाली, "तेव्हा तर बाबुस्या जिवंत होती. नुसत्या मायेनं केलं तिनं हे."

"आणि तुला? तुला कधी सोडलं तिनं?"

"सोडलं नाही. डार्मश्टाटलाही रोज रात्री ती जवळ झोपल्यासारखी वाटायची, मेल्यावरही. चाळिसावा दिवस झाला, तेव्हा सुटले. हे वीस दिवस मी पहिल्यांदा एकटी झोपतेय. शांत झोप लागते."

इथे कुणी चांगली बाई असती तर तिनं त्या पोरीला जवळ घेतलं असतं. मी नाही घेतलं. माझ्यासमोर माझी मुलगी उभी होती. तिच्या तोंडाची हालचाल चालू होती. हातात काही नव्हतं, समोर काही नव्हतं. ती चावत होती... आणि गिळत होती.

माझा संयम सुटला.

"ती तुझी आजी आहे, माझी नाही!" मी ओरडले. "तुला वाढवलं ना तिनं? मग तू सांभाळ. घेऊन जा तिला!"

लेस्यानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"जा," ती म्हणाली. जर्मनमध्ये जा म्हणजे हो.

ती उठली. जाळीवरचं ते भांडं घेतलं. तिच्या भाषेत हळू आवाजात बोलू लागली. मला 'बाबुस्या' एवढंच कळलं. दोनदा स्वतःच्या छातीवर हात ठेवला तिनं. मी आहे ना, असं काहीसं असावं.

खोली गार पडली. शेपूचा वास आणखी दाट झाला.

मग भांडं दोन्ही हातांत धरून ती जिना उतरू लागली. रिकामं भांडं, पण काठोकाठ भरलेलं असावं तशी जपून. मी दारात उभी राहून ऐकत होते. तिच्या बुटांचा आवाज, टक, टक...

आणि प्रत्येक पावलामागून आणखी एक. मऊ. सपाता घासत चालावं तसा.

खालचं दार लागलं.

देवश्री खिडकीकडे धावली. काचेला दोन्ही हात लावून बाहेर बघत राहिली. बस आली आणि गेली. मग पोरगी वळली. डोळे चोळले, आत्ताच झोपेतून उठल्यासारखी. सगळ्या घरभर नजर फिरवून माझ्यावर आणून ठेवली.

"आई, भूक लागली."

मराठीत.

मी वरणभात कालवला. तिनं सगळा खाल्ला.

२०१७ मध्ये आम्ही ड्युसेलडॉर्फला आलो. देवश्री आता साडेसात वर्षांची आहे. मला उलट उत्तरं देते, माझ्या कुशीत झोपते, शेपूला नाक मुरडते. त्या तीन आठवड्यांतलं तिला काहीही आठवत नाही. मी तिला कधी विचारतही नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिलीच नसती.

या वर्षी, २०१९ च्या मार्चमध्ये, लेस्याला मुलगी झाली. तिनं फोटो पाठवला होता. मी अभिनंदन लिहिलं, फुलं पाठवली. मनात आनंदापेक्षा धाकधूकच जास्त होती. मग सहा महिने काही नाही. मला वाटलं, सगळं ठीक असेल. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

परवा दुपारी तिचा मेसेज आला. शब्द तिचेच, मी फक्त मराठीत लिहिते.

"माझी मुलगी माझं दूध घेत नाही. बाटलीही घेत नाही. मी उचललं की किंचाळते. वजन मात्र छान वाढतंय, डॉक्टर खूश आहेत. सुमेधा, मी तुमच्यासाठी बाबुस्याला नेलं होतं. तुम्हाला तिला बोलावता येतं. एकदा बोलवाल का परत? थोडेच दिवस. माझी मुलगी मला ओळखायला लागेपर्यंत."

मी चार वेळा वाचला.

तिचं म्हणणं बरोबर आहे. माझ्या चुकीची किंमत ती भरते आहे, आणि तिच्या कडेवर सहा महिन्यांचं बाळ आहे. एखादी धीराची बाई असती तर हो म्हणाली असती. हृषिकेश म्हणतो, उत्तर तरी दे. माई म्हणतात, त्या वाटेला पुन्हा जायचं नाही, शपथ आहे.

येत्या शनिवारी सर्वपित्री आहे. अप्पांचं पान या वर्षी वाढणार नाही, असं मी माईंना कळवून टाकलंय.

आज सकाळपासून लेस्याचे पाच फोन येऊन गेले. आत्ता दुपारचे सव्वाबारा झालेत. देवश्री थोड्या वेळात शाळेतून येईल, तिच्यासाठी कुकर लावलाय.

फोन पुन्हा वाजतोय.

मी तो टेबलावर पालथा ठेवलाय. उचलणार नाही.